केळीच्या गोदामातलं ऑफिस

जळगावात काचेची इमारत बांधणाऱ्या माणसाला मे महिन्यातली एक दुपार त्याच इमारतीत, वीज बंद करून, बसवून ठेवावं असं माझं जुनं मत आहे. जागा आतून बेतून, सजवून देणं हा माझा धंदा, आणि हे मत मी गिऱ्हाइकांच्या तोंडावर बोलते, त्यामुळे माझी बरीच कामं गेली. जी राहिली ती सराफांच्या पेढ्यांची, दवाखान्यांची, साड्यांच्या दुकानांची. बाहेरून निळी काच, आतून पांढरं पीओपी, छताला पिवळे दिवे आणि चारी भिंतींना एसी. लोकांना तेच हवं असतं आणि मी ते वर्षानुवर्षं नीट करून दिलं. पण एखाद्या दुकानाच्या उद्घाटनाचा पेढा तोंडात असताना ‘हे माझं’ असं म्हणावंसं मला कधी वाटलं नाही.

तसं वाटायला लावणारं काम जळगावच्या कडेला, पिंप्राळ्याच्या पुढे, केळीच्या एका जुन्या गोदामात झालं.

गोदाम वरणगावकडच्या एका बागायतदाराचं. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणते. त्यांची लेक इंजिनिअर. पुण्यात काही वर्षं नोकरी करून ती परत आली आणि पिंप्राळ्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिने आपलं काम सुरू केलं. पुण्याच्या एका मोठ्या कारखानदाराला लागणारी यंत्रांची ड्रॉइंग्ज ती इथे कॉम्प्युटरवर करून द्यायची. हाताखाली सुरुवातीला चार मुली होत्या, मग वाढत वाढत फ्लॅटच्या स्वयंपाकघरातसुद्धा खुर्च्या लागल्या. ओट्यावर प्रिंटर, सिंकपाशी दोघी, बाल्कनीत फोनवर बोलणारी तिसरी. मी तिला मालकीण म्हणते. तिला ते आवडत नाही, म्हणून जास्तच म्हणते.

एका दिवाळीनंतर ती माझ्याकडे आली ती तोंड उतरवूनच. पुण्याचे साहेब व्हिडिओवर बोलत असताना मागे कुकरची शिट्टी झाली होती, शेजारच्या फ्लॅटमधली. त्या आधी दोनदा वीज गेलेली. साहेबांनी शांतपणे सांगितलं होतं की काम चांगलं आहे, पण असं चालणार नाही. येत्या उन्हाळ्यात ते स्वतः येऊन जागा बघणार. जागा पटली नाही तर सगळं काम पुण्यात हलवायचं. माणसांना यायचं असेल तर त्यांनीही पुण्यात यावं.

“मला पुण्याला जायला काही नाही ताई,” ती म्हणाली. “पण माझ्या मुली येऊ शकत नाहीत.”

त्या मुली मला माहीत होत्या. निम्म्याहून जास्त जणी रोज सकाळी रेल्वेगाडीने यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायच्या. कुणी भुसावळची, कुणी वरणगावची, आणि सगळ्यांत हुशार होती ती बोदवडची. कापूस करणाऱ्या घरातली ही मुलगी. डिप्लोमा झाल्यावर तिचे वडील तिला पहिल्या दिवशी सोडायला आले होते. चपला दाराबाहेर काढून आत आले, सगळ्या खोल्या फिरून बघितल्या आणि मालकिणीला म्हणाले, “पोरगी दिवस मावळता घरी आली पाहिजे, मंग आपली काही हरकत नाही.” त्यांना तेव्हाच कुणीतरी पुण्याबद्दल विचारलं असावं, कारण जाता जाता उंबऱ्यावरून वळून ते म्हणाले, “पुण्याले नाही धाडत आपन.”

म्हणजे ऑफिस उठलं तर या मुलींची नोकरी गेली, इतकं सरळ ते होतं. बोदवडच्या मुलीचं तर लग्न तेवढ्यासाठीच थांबलेलं होतं. नोकरी आहे तोवर घरचे तिचं ऐकत होते.

मालकिणीने आधी मला गूळ लावून बघितला. तिला काचेचं ऑफिस हवं होतं, पुण्यात असतं तसं. साहेबांना सवय तीच, म्हणे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, “पुण्याची नक्कल बघायला तो माणूस इतक्या लांब कशाला येईल? अस्सल तर त्याच्या दाराशी आहे.” मग ती म्हणाली, “आबांचं गोदाम रिकामं पडलंय. बघून तरी घ्या.”

बघितलं. विटांच्या जाड भिंती, उंच पत्रा, खाली सिमेंटची जमीन, आणि भिंतींत मुरलेला पिकल्या केळ्यांचा वास. केळी पिकवायला नवे थंड चेंबर झाले तेव्हापासून ते तसंच पडलेलं होतं. पश्चिमेला मोकळं शेत, दक्षिणेला रस्ता, उत्तरेला दोन मोठे निंब. मी मधोमध उभी राहिले आणि मला एकदम धुळ्याची आमची गल्ली आठवली.

माझं माहेर धुळ्याचं. आमच्या गल्लीत चैत्र-वैशाखात पापडांचं काम चालायचं. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या. ज्या घरी पापड असतील तिथे गल्लीतल्या सगळ्या बायका सकाळीच जमायच्या, आणि प्रत्येकीच्या काखेत तिचं स्वतःचं पोळपाट-लाटणं असायचं. दुसरीच्या पोळपाटावर हात बसत नाही, असं त्या म्हणायच्या. घर दुसरीचं, पीठ दुसरीचं, पण पोळपाट आपलं. कुणी पीठ कुटायची, कुणी लाट्या तोडायची, लाटणाऱ्या गोल करून बसायच्या आणि गोलाच्या मध्ये गल्लीतल्या सगळ्या बातम्या. सकाळी ओट्यावर बसलेलं हे सगळं लटांबर ऊन चढलं की उठायचं. आमच्या शेजारच्या अक्का डोळ्यावर हात धरून बघायच्या आणि म्हणायच्या, “सावली सरकनी व बाई, चाला तठे.” की उचललं पोळपाट आणि निघाल्या मधल्या खोलीत. तिथून दुपार कलली की मागच्या अंगणात. कुणाची जागा ठरलेली नव्हती आणि कुणी जागेवरून भांडलंही नाही. सावली जिथे, तिथे काम.

आता मोठ्या शहरांत याच गोष्टीला लवचीक कार्यस्थळ वगैरे म्हणतात आणि ते शिकवायला भाषणं ठेवतात. मी अशा एका भाषणाला गेले होते. बोलणारा गळ्यापर्यंत बटणं लावून, एसीच्या थंडीत निसर्गाशी जुळवून घेण्याबद्दल बोलत होता. मी चहा पिऊन उठून आले.

गोदामाचं काम मी त्या पापडांवरून बेतलं. कुणालाही स्वतःचं टेबल नाही. प्रत्येकीला एक पेटी. सागवानी, कडी असलेली, काखेत मावेल एवढी. तिच्यात तिचा लॅपटॉप, वही, पेन, डबा, हवं तर देवाचा फोटो. रात्री पेटी दाराजवळच्या फळीवर, सकाळी काखेत. टेबलं हलकी, दोन मुलींना उचलता आलीच पाहिजेत अशी. सुताराने पहिलं टेबल करून आणलं तेव्हा मी मालकिणीला आणि बोदवडच्या मुलीला ते उचलायला लावलं. दोघींची दमछाक झाली. टेबल परत पाठवलं. दुसरंही परत पाठवलं. तिसरं दोघींनी हसत हसत उचलून गोदामभर फिरवलं, तेव्हा मी सुताराला चहा सांगितला.

पेट्यांचं लाकूड धुळ्याहून आलं. तिथे एक जुना जिन, कापसातून सरकी काढायचा कारखाना, पाडत होते. सरकीच्या धुळीने काळी पडलेली दारं, तुळया, जिन्याचे कठडे जळणाच्या भावात चालले होते. मी रंधा मारून बघितला तर आतून मधाच्या रंगाचा साग. ट्रक भरून आणलं ते सगळं. मोठं टेबल, ज्याच्याभोवती सगळ्या जणी एकत्र उभ्या राहून ड्रॉइंग तपासतात, ते त्या जिनच्या फाटकाचं आहे. त्याच्या एका कडेला बैलगाड्यांच्या चाकांनी घासून पडलेली खाच आहे. ती मी तशीच ठेवली. मुली तिच्यात पेन्सिली ठेवतात.

उन्हाचं काय करायचं हा खरा प्रश्न. पत्र्यावर बाहेरून चुना मारला. आतून पऱ्हाटीचे तट्टे बांधले, दोन्ही बाजूंनी माती-चुन्याने लिंपून. कापूस वेचून झाल्यावर ज्या पऱ्हाट्या लोक बांधावर जाळून टाकतात त्याच. पत्र्याच्या माथ्यावर गरम हवा निघून जायला झरोके ठेवले. उत्तरेला निंबांखाली लांबलचक ओटा केला. आणि पश्चिमेच्या भिंतीतल्या विटा एक आड एक काढून सगळी भिंतच जाळीची केली. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा तिकडूनच येतो, आणि तो वारा किती तापलेला असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून जाळीला वाळ्याचे पडदे लावले, आणि पडदे ओले राहायला वरून ठिबकच्या नळ्या फिरवल्या. नळ्या आबांच्या केळीच्या बागेतल्या, जुन्या, बदलून टाकलेल्या. थेंब थेंब पाणी पडद्यावरून उतरतं, खालच्या पन्हाळीत जमतं आणि पुन्हा वर जातं. ठिबक आम्हा जळगावकरांना कुणी शिकवायला नको. ऑफिसला ठिबक लावायची कल्पना मात्र माझी, आणि ती सांगताना मी मान जराही खाली घालत नाही.

एसी एकच लावला, छोट्या खोलीत, सर्व्हर आणि इन्व्हर्टरसाठी. दुसरा मागितलात तर मी काम सोडीन, असं मालकिणीला लिहून द्यायला तयार होते.

आबांना यातलं काही पटत नव्हतं. ते रोज यायचे, खुर्ची घेऊन निंबाखाली बसायचे आणि बघायचे. लेकीच्या ऑफिसला पऱ्हाट्या लावतात हे त्यांच्या मनाला लागत होतं. एकदा मला म्हणाले, “ताई, पैसे कमी पडत असतील तर मोकळं बोला. मी आहे.” मी म्हटलं, “आबा, पैसे आहेत. काच नको आहे.” त्यांनी मान हलवली, पण मनातून ते गेलं नाही हे दिसत होतं.

थंडीत मुली नव्या जागेत आल्या. पहिला आठवडा मी कपाळावर हात मारून घेतला. सकाळी गाडीतून उतरलेली पहिली मुलगी आत शिरायची आणि मैत्रिणींसाठी टेबलांवर रुमाल टाकायची, एसटीत खिडकीतून टाकतात तसे. एक ओढणी, एक डबा, एक पाण्याची बाटली, झाल्या तीन जागा. आणि वाऱ्याची सगळ्यांत चांगली जागा, जाळीजवळची, ती रिकामीच. मी विचारलं का, तर म्हणे ती मॅडमची. मॅडम म्हणजे मालकीण, आणि ती तिथे बसतच नव्हती. मालकीण म्हणाली नियम करू. मी म्हटलं थांब, उन्हाळा येऊ दे.

आणि तसंच झालं. फाल्गुन संपला, ऊन चढायला लागलं आणि मुली आपोआप उठायला लागल्या. सकाळी ओट्यावर, उन्हं आली की जाळीजवळ, दुपारी मोठ्या टेबलाशी, संध्याकाळी परत निंबाखाली. रुमाल बंद झाले. बोदवडच्या मुलीने तर आईकडून एक उशी शिवून आणली, घरच्या शेतातल्या कापसाची, निळ्या खोळीची. ओट्यावर पाठीला घ्यायला. पेटीत ती मावायची नाही, म्हणून पेटीवर ठेवून काखेत मारायची. ती जिथे बसेल तिथे हळूहळू बाकीच्या येऊन बसत. अक्कांची आठवण यायची मला तिच्याकडे बघून. अक्का आता नाहीत. असत्या तर त्यांना हे ऑफिस दाखवायला मी मोटार घेऊन गेले असते.

साहेबांनी यायचं ठरवलं ते नेमकं वैशाखात. मालकिणीने परोपरीने सुचवून बघितलं की हिवाळ्यात या, भरीत-पुरीची पार्टी करू, शेतात जाऊ. साहेब म्हणाले, भरताला नंतर येईन, आधी उन्हाळ्यातच बघतो. माणूस हुशार होता. मला तो तिथेच आवडला.

त्या दिवशी मी मुद्दाम उशिरा जाणार होते. बाळंतिणीच्या खोलीबाहेर फेऱ्या मारायचा माझा स्वभाव नाही. जेवणं झाल्यावर गेले. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि दारातच मला कळलं की काहीतरी बिघडलंय. आतून वारा येत नव्हता. आत गेले तर भट्टी. मुली घामाने डबडबलेल्या. साहेब मोठ्या टेबलाशी उभे, शर्ट पाठीला चिकटलेला, हातातल्या कागदाने वारा घेत होते. मालकिणीचा चेहरा पांढराफटक.

मी पश्चिमेच्या भिंतीकडे बघितलं. भिंत नव्हतीच. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्लेक्स लागला होता. झेंडूच्या रंगाचा. मधोमध साहेबांचा फोटो, बहुधा त्यांच्या कंपनीच्या वेबसाइटवरून उचललेला, डाव्या बाजूला लेकीचा, उजव्या बाजूला फेटा बांधलेले आबा हात जोडून. वर मोठ्या अक्षरांत हार्दिक स्वागत. आणि फ्लेक्स भिजू नये म्हणून ठिबकचा नळही बंद केलेला.

आबांनी सकाळी, लेक पाहुण्यांना आणायला गेली असताना, माणसं लावून तो लावून घेतला होता. पाहुणा येतोय, आणि लेकीच्या ऑफिसला शोभा म्हणून काही नाही, नुसत्या विटा आणि ओले पडदे. बापाचा जीव. मुलींना कळत होतं, पण आबांना कोण सांगणार? मालकीण आली तेव्हा पाहुणा सोबत, आणि बाप कौतुकाने वर बघत उभा. तीही गप्प राहिली. आमच्याकडे असंच व्हायचं. पाहुण्यासमोर वडीलधाऱ्या माणसाने लावलेलं काही काढायचं म्हणजे त्याच्या डोक्यावरचा फेटा काढल्यासारखं. सगळं ऑफिस उकडून निघत होतं आणि एक माणूस तोंड उघडत नव्हतं.

माझं तोंड उघडलं होतं. जिभेवर काय होतं ते इथे लिहीत नाही. पण माझ्या आधी बोदवडची मुलगी पुढे झाली. ती आबांजवळ गेली, डोकं जरा खाली करून, अगदी घरातल्यासारखी.

“आबा,” ती म्हणाली, “एवढा मोठा बॅनर आपन आतमधी लावला. रस्त्यावरून जानाऱ्याले दिसतच नाही. पुण्याचे साहेब आले हे पिंप्राळ्याले कसं कळंल?”

आबांनी फ्लेक्सकडे बघितलं. मग दाराबाहेर, रस्त्याकडे बघितलं. मग परत फ्लेक्सकडे.

“खरं आहे,” ते म्हणाले. “बाहेर पाहिजे होता.”

पुढचं मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. मुलींना सांगावं लागलं नाही. दोघींनी टेबल उचलून भिंतीशी लावलं, एक वर चढली, एकीने खालून दोऱ्या सोडल्या. फ्लेक्स अलगद उतरला, आबांच्या फेट्याला घडी पडू न देता. चौघी तो खांद्यावर घेऊन बाहेर गेल्या आणि रस्त्याच्या बाजूच्या कंपाउंडला बांधून आल्या. आबा पुढे उभे राहून डावी-उजवी सांगत होते. मी नळ सोडला. वरून थेंब पडायला लागले, पडदे गडद होत गेले, आणि थोड्या वेळाने जाळीतून तो वारा आला, गार, वाळ्याच्या वासाचा. मुलींनी पेट्या उचलल्या आणि जी ती आपापली सावली बघून पांगली. दोन टेबलं जाळीजवळ गेली, एक मोठ्या टेबलाला जोडलं गेलं. गडबड नाही, आवाज नाही. पुण्याचे साहेब कागद हातात धरून बघत राहिले.

मला तेव्हा जे वाटलं ते सरळच सांगते. ऊर भरून आला. इतक्या वर्षांत केलेल्या सगळ्या काचा, सगळं पीओपी माझ्या डोक्यावरून उतरलं. मी भिंतीकडे तोंड करून नळ तपासल्याचं सोंग केलं, कारण माझे डोळे कुणी बघावेत अशी माझी इच्छा नव्हती.

साहेब म्हणाले, “मी कुठे बसू?”

“जिथे बरं वाटंल तिथे,” बोदवडची मुलगी म्हणाली. “पेटी घ्या हवी तर. ही माझी घ्या.”

फळीवरची तिची पेटी साहेबांनी काढली, जाळीजवळच्या टेबलावर ठेवली आणि लॅपटॉप ठेवायला उघडली. आत काही नव्हतं. बाकीच्या मुलींच्या पेट्यांत काय काय असतं ते त्यांनी आत्ताच बघितलं होतं. वह्या, रंगीत पेनं, हातरुमाल, कुणाची पेपरमिंटची डबी. ही पुसून ठेवल्यासारखी स्वच्छ. मी फळीवर बघितलं. निळी उशीही नव्हती.

“रिकामी का?” त्यांनी विचारलं.

ती त्यांच्याकडे बघून, आवाज न चढवता, शहरातल्या मराठीत म्हणाली, “सर, तुम्ही नाही म्हणालात तर सगळं सामान एकाच दिवशी न्यावं लागलं असतं, आणि गाडीत गर्दी असते. म्हणून कालच घरी नेऊन ठेवलं.”

वरून पडद्यावर पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. साहेबांनी पेटी मिटवली, बाजूला सारली आणि लॅपटॉप टेबलावरच उघडला.

दुपारभर ते तिथेच काम करत होते. मध्ये एकदा मोठ्या टेबलाशी गेले. तिथे एका यंत्राच्या ड्रॉइंगवर पाच जणी वाकून भांडत होत्या. भांडण बोदवडच्या मुलीने लावलेलं होतं, एका नळीच्या वळणावरून. साहेब मध्ये पडले आणि हरले. ऊन कललं तेव्हा मुली ओट्यावर निघाल्या, तर तेही आपला लॅपटॉप काखेत मारून त्यांच्यामागे निघाले. कुणी सांगितलं नव्हतं. निंबाखाली आबांनी त्यांना केळी दिली आणि रस्त्यावरचा फ्लेक्स दाखवला. येणारे-जाणारे गाड्या हळू करून बघत होते. आबा खूष होते.

चहा घेताना साहेब मालकिणीला म्हणाले, “आमच्या पुण्याच्या ऑफिसात शेजारी बसलेली माणसं एकमेकांना मेल करतात.” मग बरंच काही मशिनांबद्दल बोलले. शेवटी कप खाली ठेवून ते म्हणाले, “काम इथेच राहू द्या. दिवाळीनंतर माझी सहा माणसं एक महिना इकडे पाठवतो. त्यांना हे असं बसायला शिकवा.”

मालकिणीने माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं. दोघींपैकी एक जरी रडली असती तर दुसरी थांबली नसती.

बोदवडची मुलगी जरा पलीकडे रिकामे कप गोळा करत होती. तिने ऐकलं होतं. कप घेऊन ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “ताई, मग सहा पेट्या लागतील. धुळ्याचं लाकूड उरलंय ना?”

“उरलंय,” मी म्हटलं.

ती कप विसळायला आत गेली. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली होती. बाकीच्या मुलींसोबत ती रिक्षात बसून स्टेशनवर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ऑफिसात काही काम नव्हतं. तरी गेले. ओट्यावर बसून राहिले. सकाळच्या गाडीच्या मुली रिक्षांतून उतरल्या, एकमेकींना ढकलत, हसत, आणि सगळ्यांच्या मागे ती, खांद्याला पिशवी. काखेत निळ्या खोळीची उशी होती. फाटकाशी आबांचा फ्लेक्स रात्रीच्या वाऱ्याने एका टोकाला सुटून लोंबत होता. तिने उशी कंपाउंडवर ठेवली, सुटलेली दोरी ओढून घट्ट बांधली, उशी परत काखेत मारली आणि आत आली.